डावी गाठ

सुलान डावखुरी होती. जेवायच्या काड्या उजव्या हातात धरायला तिच्या आईनं चापट्या मारून शिकवलं होतं, पण गाठ कशी मारायची हे कुणी शिकवलं नाही, त्यामुळे गाठ डावीच राहिली. मागावर जाळी विणताना काचेचं सूत तुटलं की ल्यांगतुन गावातल्या बाकी सगळ्या बायका नवं टोक जुन्यावरून उजवीकडे फिरवत. सुलानचं डावीकडे फिरे, आणि गाठ आवळली की तिची दोन्ही टोकं रुसलेल्या जावांसारखी उलट्या दिशांना बघत राहत.

गाठीवरून माणूस ओळखणं ही त्या गावातली करमणूक होती. जाळीचा तागा उजेडात धरायचा आणि सांगायचं, ही कुणाची. फेंगयिंग घाबरट, ती एका जागी दोनदा गाठ मारी. पान आजी गाठ मारून उरलेलं सूत दातानं तोडायची. काच दातानं तोडू नये हे गाव तिला चाळीस वर्षं सांगत होतं आणि ती चाळीस वर्षं ते ऐकून घेत होती. तिच्या गाठीची टोकं चावलेली, चपटी असत.

मूस सुलानच्या थोरल्या दिराची, बाओशानची. मूस म्हणजे मातीचं जाड भांडं, भट्टीत बसवलेलं, बुडाला शे-दीडशे बारीक भोकं. वरून फुटक्या खिडक्यांची तावदानं आणि दारूच्या बाटल्या टाकायच्या. खाली प्रत्येक भोकातून काचेचा थेंब लोंबे. सुलान ते सगळे थेंब एका मुठीत धरल्यासारखे खाली ओढी, मेणाच्या पाण्याच्या पट्टीवरून नेई आणि गरगर फिरणाऱ्या ढोलावर टेकवी. मग केसाहून बारीक तारांची एकच लड होऊन ती ढोलावर चढत राही. बाटलीची काच जास्त आली की तार सारखी तुटे, खिडकीची आली की गुमान ओढली जाई. एकोणीस वर्षांत सुलानला थेंबाच्या लोंबण्यावरून कळायला लागलं होतं, की आज भंगारवाल्यानं कुणाच्या घराच्या खिडक्या आणल्यात आणि कुणाच्या लग्नातल्या बाटल्या.

आणखी एक गोष्ट तिला कळत होती, पण ती बोलायची नाही. लग्नाआधी दोन वर्षं ती जिल्ह्याच्या सरकारी काचतारेच्या कारखान्यात होती. तो पुढे बंद पडला. तिथल्या म्हाताऱ्या वस्तादानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "काच म्हणजे वाळू. वाळू हट्टी, लवकर वितळत नाही. म्हणून तिच्यात सोडा घालतात. सोड्यानं ती नरमते, पण सोडा म्हणजे घरातला फितूर. बाहेरून पाणी आलं की हा आतून कडी काढतो." बिनखारी काच वेगळी. तिच्यात सोड्याऐवजी चुनखडी, पांढरी माती, थोडा टाकणखार. ती वितळवायला कितीतरी जास्त आच लागते आणि बुडाला प्लॅटिनमची चाळण. मातीच्या मुशीचं ते काम नाही. "खिडकीतलं तावदान पन्नास वर्षं पावसात उभं राहतं ते का?" वस्ताद विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा. "कारण त्याला जाडी आहे. वरची कातडी खाल्ली गेली तरी आत मांस आहे. त्याचीच तार ओढलीत की ती सगळी कातडीच."

गावाला हे वस्तादाशिवायच ठाऊक होतं, फक्त वेगळ्या शब्दांत. ल्यांगतुनमध्ये म्हणत, सूत घामतं. दमट हवेत महिनाभर पडलेलं रीळ हाताला चिकट लागे आणि जिभेला लावलं तर कपडे धुवायच्या सोड्यासारखं. घामलेलं सूत मागावर तटातट तुटायचं. म्हणून रिळं उबेत ठेवायची. प्रत्येक घरात झोपायचा विटांचा ओटा असतो, खालून चुलीचा धूर फिरवलेला; त्याची चुलीकडची बाजू सगळ्यांत गरम. ती जागा घरातल्या म्हाताऱ्या माणसाची. सुलानच्या घरात तिथे रिळं असत आणि म्हातारा सासरा पलीकडच्या गार कडेला.

"मेल्यावर मला रिळात गुंडाळा," तो म्हणे. "निदान गरम तरी राहीन."

"मामंजी, रिळं विकली जातात. तुम्हाला कोण घेणार?"

"ते पण खरंच," म्हातारा म्हणे आणि गोधडी ओढून घेई.

नवरा तिआन्जिनच्या बंदरात क्रेनवर होता, वर्षातून दोनदा घरी यायचा. मुलगी यानफेइ तालुक्याच्या गावी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिचं लग्न ठरलं होतं, तिसऱ्या महिन्यातल्या अठराव्या तिथीला. नवरामुलगा लू पेंग, सव्वीस वर्षांचा, इमारतींच्या बाहेरच्या भिंतींना उबदार कवच चढवायच्या कामात. भिंतीला थर्मोकोलच्या पाट्या चिकटवायच्या, त्यावर सिमेंटचा पातळ गिलावा, गिलाव्यात काचेची जाळी दाबायची आणि वर रंग. हाडं म्हणाल तर ती जाळी. ती कुजली की वरचा पापुद्रा तडकतो आणि कधीतरी वाऱ्याच्या दिवशी दाराएवढा तुकडा खाली येतो.

सात वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढून पेंगनं त्या शरदात पहिलं काम स्वतःच्या नावावर घेतलं होतं: सूतगिरणीच्या कामगारांची सहा मजली जुनी इमारत. पाणी गोठायला लागायच्या आत पश्चिमेची भिंत पुरी झाली. उरलेल्या तिन्ही भिंती वसंतात, कारण थंडीत सिमेंट धरत नाही.

बोरं वाळत घालायच्या दिवसांत तो आला तेव्हा उरलेली पाच-सहा हात जाळी घेऊन आला. हिरवीगार, कडेला ठसठशीत शिक्का, 'बिनखारी'.

"मावशी, बोरांवर घाला. साळुंक्या खाणार नाहीत."

"चांगली दिसते," सुलान म्हणाली. तेव्हा तिनं हातात घेऊनही पाहिली नव्हती. गच्चीवर बोरांवर टाकली, बोरं उतरवल्यावर मक्याच्या कणसांवर टाकली, आणि विसरली. त्यावर धुकं पडलं, एक बर्फ पडून गेलं.

अकराव्या महिन्याच्या सुरुवातीला ती कणसं काढायला गच्चीवर गेली. जाळी उचलून, चादर घडी करावी तशी मधोमध घडी घातली. घडीवर कडकड आवाज झाला. उलगडून पाहिलं तर घडीच्या रेषेवर हिरवा रंग फक्त धरून होता. आतलं सूत मोडलं होतं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या गच्चीवर कुणी नव्हतं. मोडलेल्या टोकावर बोट घासलं आणि बोट जिभेला लावलं.

सोडा.

मग ती जाळी उजेडात धरून हातहात सरकवत पाहू लागली. रंगाच्या लेपाखाली गाठी फोडांसारख्या उठल्या होत्या. तिसऱ्या हातावर एक सापडली. टोकं उलट्या दिशांना. पुढे आणखी एक.

सुलान कणसांच्या ढिगावर बसली. तिला रडू वगैरे आलं नाही. तिला पहिल्यांदा वाटलं ते हे, की गाठ मजबूत बसली आहे; सूत मोडलं, गाठ सुटली नाही.

बाओशान मुशीजवळ होता, भंगारातल्या बाटल्यांची बुचं काढत. तिनं जाळी त्याच्यासमोर टाकली.

"भावजी, ही कुणाची?"

त्यानं शिक्का वाचला. "बिनखारी. कारखान्यातली दिसते."

"गाठ बघा."

त्यानं गाठ पाहिली नाही. म्हणजे त्याला कळलं.

"व्यापारी नेतो," तो म्हणाला. "रंग लावतो, शिक्का मारतो. आपण सूत विकतो, जाळी विकतो. पुढचं आपण बघतो का? कोंबडीवाला अंडी विकतो, तो विचारतो का उकडून खाणार की तळून?"

"आपली जाळी पोत्यांना जाते म्हणाला होतात. माश्या अडवायच्या पडद्यांना जाते म्हणाला होतात."

"जाते ना. काही जाते."

"ही पेंगच्या भिंतीत गेलीय."

बाओशानचा हात थांबला. बाटली त्यानं जपून खाली ठेवली. "कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मग झालं." तो उठला आणि भट्टीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला, म्हणजे तिला बाहेर जायला वाट नाही. "नीट ऐक, सुलान. ढोलावरून आत्ता काढलेली आपली तार घे आणि कारखान्यातली घे. दोन्ही ओढून बघ. पहिल्या दिवशी फरक सांगता येतो का तुला?"

"पहिल्या दिवशी नाही येत."

"मग!"

"भिंत एक दिवसाची असते का, भावजी?"

"त्या इमारतीत कोण राहतं? सूतगिरणीचे म्हातारे. इमारतच दहा वर्षांत पाडतील. आणि तू सांगितलंस तर काय होईल ते सांगू? पोराला पुरी भिंत खरवडावी लागेल. पहिलंच काम. पुन्हा कोण देईल त्याला? लग्न कुठलं मग? आणि यानफेइच्या सासूला कळेल की जाळी विहिणीच्या घरची. आयुष्यभर तुझ्या पोरीला ऐकवेल ती, भाजीत खडा आला तरी तुझ्या नावानं." त्यानं आवाज उतरवला. "झाकलेलं झाकलेलंच राहू दे. लेकीची आई आहेस ना तू?"

ते सगळं खरं होतं. बाओशानची हीच अडचण होती. तो खोटं बोलायचा ते फक्त गिऱ्हाइकांशी.

सुलाननं काहीच ठरवलं नाही. ठरवायचं नाही म्हणून तिनं परीक्षा लावली. यानफेइ रविवारी घरी आली तेव्हा तिला म्हणाली, "पेंगला व्यापाऱ्यानं आधी नमुना दिला असेल ना जाळीचा? त्यातला तुकडा आण. मला शिवणात मागून लावायला हवा."

"नमुना आहे तपासणीच्या कागदांत. तुकडा त्याच्या गाडीत थर्मासखाली पडलेला असतो. तोच आणते. पण काचेची जाळी शिवणात? खाज सुटेल."

"सुटू दे. मला सवय आहे."

नमुना आला. सुलाननं बोटांनी चाचपला, जिभेला लावला, आणि व्यापाऱ्याचा मनातल्या मनात उद्धार केला. नमुना अस्सल होता. तपासणीला खरी जाळी पाठवायची आणि गाडी भरून खोटी. इतकी साधी युक्ती, की करणाऱ्याची लाज वाटण्याऐवजी न ओळखणाऱ्याची कीव यावी.

तिनं बादलीत सिमेंट कालवलं, रात्रभर बसू दिलं, वरचं निवळलेलं पाणी लसणाच्या लोणच्याच्या दोन बरण्यांत ओतलं. सिमेंटचं पाणी खार असतं, हात सोलवटतो. एका बरणीत नमुन्याची पट्टी, दुसरीत गच्चीवरच्या जाळीच्या न मोडलेल्या भागातली पट्टी, डाव्या गाठीसकट. झाकणं लावली, नमुन्याच्या बरणीला लाल दोरा बांधला, आणि दोन्ही ओट्याच्या गरम कडेला मांडल्या. उबेत सिमेंट भराभर जेवतं. भिंतीत वर्षं लागतात त्याला बरणीत आठवडे पुरतात, हेही वस्तादाचंच.

खरं सांगायचं तर तिला त्या परीक्षेत हरायचं होतं. लेप जाड असेल, गच्चीवर बर्फानं मोडली असेल, भिंतीत कोरडीच राहील. अशा दहा सबबी तिनं बरण्यांना रोज सुचवल्या. दर आठवड्याला पाणी बदललं. सुनेच्या हातून भांडं फुटावं म्हणून सासू नवस बोलते म्हणतात. तसा तिनं त्या दुसऱ्या बरणीसाठी उलटा नवस बोलून पाहिला.

"आधी रिळं, आता लोणचं," सासरा म्हणाला. "मी कधी मरतोय याची तुम्ही जागेसाठी वाट बघताय."

"लोणचं नाही ते, मामंजी. तोंडाला लावू नका."

"मग काय आहे?"

"यानफेइचं लग्न आहे."

म्हातारा बरणीकडे बराच वेळ बघत राहिला. "लहान आहे," म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्यानं पायमोज्याला बांधायला लाल दोरा सोडून घेतला. सुलाननं विचारलं तेव्हा दोरा पायात होता आणि बरण्याही त्यानं पाय पसरायला इकडच्या तिकडे केल्या होत्या.

"आता कशी ओळखणार?" तो घाबरून म्हणाला.

"ओळखेन," सुलान म्हणाली. झाकण उघडायचीही गरज नव्हती. एका बरणीच्या तळाला पांढरं पीठ बसायला लागलं होतं.

नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी जावयांनी सासुरवाडीला जायचं असतं. पेंग अजून जावई झाला नव्हता, पण तिथी ठरली म्हणजे अर्धा झालाच, म्हणून आला: दोन बाटल्या दारू, दुधाचा खोका, म्हाताऱ्यासाठी कानटोपी. नवऱ्याला यंदा रजा मिळाली नव्हती. चौघंच जेवायला. सुलाननं कोबी आणि डुकराच्या मांसाच्या करंज्या उकडल्या होत्या, काळ्या व्हिनेगरात बुडवून खायच्या. पेंगनं तीस खाल्ल्या. म्हाताऱ्यानं मोजल्या.

"तीस! भिंत बांधतो की खातो हा?"

"आजोबा, तुम्ही पंचवीस खाल्ल्यात."

"मला दात नाहीत म्हणून. नाहीतर दाखवलं असतं."

ताटं उचलल्यावर सुलाननं दोन्ही बरण्या मेजावर आणून ठेवल्या, एक कोरडं फडकं पसरलं, आणि पट्ट्या काढून त्यावर ठेवल्या.

"पेंग, ही ओढ."

त्यानं हसत पहिली पट्टी दोन्ही हातांत धरून ताणली. तुटेना. गुडघा लावून ताणली. त्याच्या बोटांवर वळ उठले.

"आता ही."

दुसरी पट्टी त्यानं नुसती उचलली आणि ती त्याच्या हातात दोन झाली. हिरव्या रंगाची कातडी तेवढी राहिली. आतून ओलं पीठ फडक्यावर सांडलं. त्यानं तो तुकडा पुन्हा धरला, पुन्हा ओढला. पुन्हा तसंच.

"हे काय?"

"पहिली तुझ्या तपासणीतल्या नमुन्याची. दुसरी तू मला बोरांवर घालायला दिलीस ती. सिमेंटच्या पाण्यात सात आठवडे."

पेंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. यानफेइ हातातलं पाण्याचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

"शिक्का आहे तिच्यावर," तो म्हणाला.

"शिक्का काचेत नसतो, बाळा. रंगात असतो."

"त्या व्यापाऱ्याला मी..." तो उठला. "आपल्याला काय माहीत, मावशी? हिरवी जाळी ती हिरवी जाळी. कुठल्या हरामखोरांनी विणली असेल..."

"थांब," सुलान म्हणाली. "आधी बस. शिव्या पूर्ण देऊ नकोस, मागून गिळाव्या लागतील." तिनं ओल्या पिठातून एक फोड बोटावर घेतला आणि त्याच्यासमोर धरला. "ही गाठ बघ. टोकं उलटी. सगळ्या ल्यांगतुनमध्ये अशी गाठ एकच बाई मारते."

पेंगनं गाठ पाहिली. मग तिचा हात पाहिला, डावा.



"तुम्हाला माहीत होतं?" पेंगनं विचारलं.

"सूत कसलं आहे ते माहीत होतं. एकोणीस वर्षं. जाळी कुठं जाते ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून विचारलं नाही."

पेंग बाहेर गेला. गाडीचं दार आपटलं. पण गाडी सुरू झाली नाही.

"आई," यानफेइ म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यानं जास्त लागलं. "अडीच महिने. अडीच महिने थांबता आलं नसतं तुला? लग्न झाल्यावर सांगितलं असतंस."

"लग्न झाल्यावर सांगितलं असतं तर ती फसवणूक तुझ्या नावावर गेली असती."

"आणि आता?"

"आता माझ्या आहे."

"छान. माझं लग्न गेलं, तुझं मन हलकं झालं." तिनं भांडं मेजावर आपटलं. "तू नेहमी अशीच. उलटी."

सुलाननं फडकं गोळा केलं. तिला म्हणायचं होतं की उरलेल्या तीन भिंती अजून लागल्या नाहीत, आता बोललं तर एकच भिंत काढायची, नंतर बोललं तर चार. हा हिशोब तिनं पन्नास दिवस पाठ केला होता. पण मुलीला हिशोब नको होता, तिसऱ्या महिन्यातली तिथी हवी होती. सुलाननं फडक्याची घडी घातली.

"तो गेला नाही," म्हातारा खिडकीतून बघत म्हणाला. "कानटोपी विसरला असेल. नाही, ती तर माझी."

अर्ध्या तासानं पेंग आत आला. नाक थंडीनं लाल. तो कुणाकडे न बघता पहिल्या पट्टीकडे बघत होता, जी अजून मेजावर होती.

"ही भिंतीत किती वर्षं टिकेल?"

"वरचा लेप चांगला असेल तर पंचवीस. तीही चिरंजीव नाही. सिमेंट कुणालाच सोडत नाही, हिला हळूहळू खातं एवढंच."

"न खाल्ली जाणारी असते का?"

"असते एक. झिरकॉनची वाळू घालून केलेली. मी एकदाच पाहिलीय, कारखान्यात, काचेच्या कपाटात, कुलपात."

पेंग पहिल्यांदा जरासा हसला, कडूच. "म्हणजे पंचवीस."

"पंचवीस खरी मिळाली तरी पुष्कळ."

"नवी जाळी आली की तिची परीक्षा तुम्ही घ्यायची. प्रत्येक ताग्याची," तो म्हणाला. "आणि भिंत काढायला माणसं लागतील."

"दोन हात माझे धर."

"डावा-उजवा दोन्ही?"

"उजव्याला मजुरी कमी दे."

यानफेइनं आईशी चाळीस दिवस अबोला धरला. पेंगशी धरला नाही, हे सुलाननं मनात नोंदवून ठेवलं. लग्नाची तिथी पुढे गेली, मका कापल्यावरची धरली. पेंगच्या आईला काय सांगितलं ते सुलानला कळलं नाही; पण विहीणबाईंनी त्या वसंतात कोबी पाठवला नाही, जो ओळख झाल्यापासून दर वर्षी पाठवायच्या. बाओशानच्या मुशीवर सुलान पुन्हा गेली नाही. तो रस्त्यात भेटला की आभाळाकडे बघे, जणू पावसाचा अंदाज घेतोय. ओट्याची गरम कड मोकळी झाली आणि म्हातारा तिथे झोपू लागला. आठवडाभरात त्यानं तक्रार केली की फार भाजतं.

दुसऱ्या महिन्यात बर्फ वितळलं आणि पश्चिमेच्या भिंतीला परांच्या बांधल्या. सुलान तोंडाला फडकं बांधून दुसऱ्या मजल्यावर उभी राहिली आणि पत्र्याच्या पट्टीनं गिलावा खरवडू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एक म्हातारा सगळं बघत होता.

"शरदात लावता, वसंतात काढता," तो ओरडला. "इमारत आहे की कांदा?"

"आजोबा, वास आला तर खिडकी लावा," पेंग वरून म्हणाला.

"वास कसला? मला कारण सांगा!"

"जाळी खोटी निघाली."

म्हाताऱ्यानं चौकटीवर कोपरं टेकली. "मी सूतगिरणीत पस्तीस वर्षं होतो," मग म्हणाला. "खोटं सूत आम्ही पण काढलंय. पण परत काढायला कुणी आलं नव्हतं." आणि खिडकी लावून घेतली.

भिंतीच्या वरच्या भागात जाळी अजून बरी होती, ओढली की करकरत निघे. खाली, जिथे बर्फाचं पाणी मुरलं होतं, तिथे ती उकडलेल्या शेवयांसारखी हातात यायची. सुलान तुकडे गोळा करून पोत्यात भरत होती आणि न ठरवता गाठी वाचत होती. ही फेंगयिंगची, दोनदा मारलेली. बिचारीला भिंतीतसुद्धा भरवसा नव्हता. ही आपली. ही पण आपली. ही बाओशानच्या बायकोची, घाईची. सगळं ल्यांगतुन त्या भिंतीत होतं, चौकोनाचौकोनात, एकमेकींना धरून.

खालच्या कोपऱ्यात तिला एक गाठ सापडली, जिची टोकं चावलेली, चपटी होती. पान आजी गेल्या उन्हाळ्यात वारली होती. फुफ्फुसं गेली म्हणाले. दात शेवटपर्यंत सगळे होते. सुलाननं गाठीच्या दोन्ही बाजूंचं सूत मोडलं, ते नखानंच मोडलं, आणि गाठ कोटाच्या खिशात टाकली.

"मावशी, काय शोधताय?" पेंगनं विचारलं.

"काही नाही. ओळखीची माणसं."

पंधरा दिवसांनी नवी जाळी आली, या वेळी थेट कारखान्यातून. पेंगनं पहिला तागा सुलानसमोर ठेवला आणि बाजूला उभा राहिला. तिनं टोक मोडलं, जिभेला लावलं. काहीच चव नव्हती. दोन पट्ट्या बरण्यांसाठी कापून घेतल्या. मग सवयीनं पुरा तागा उलगडत हातातून सरकवला, हातहात, शेवटपर्यंत, उजेडात धरून.

एकही गाठ नव्हती. तिथे यंत्रं विणतात. सूत तुटत नाही, आणि तुटलंच तर तो भाग कापून टाकतात. पंचवीस वर्षं टिकणारी जाळी होती आणि तिच्यात कुणीच नव्हतं.

खिशात हात घालून तिनं पान आजीची गाठ चाचपली. ती या जाळीत बांधून टाकावी असं क्षणभर वाटलं. मग तिच्या मनात आलं की आजीचं सूत खारी आहे, ओल धरेल. तिनं हात बाहेर काढला आणि कोटाला पुसला.

"बरण्यांचं दोन महिन्यांनी सांगते," ती म्हणाली. "जिभेचं आत्ता सांगते. लाव."